‘दोन्ही सारख्याच’ हा सल्ला कोणाच्या सोयीचा? अमेरिकन गीतकार आणि त्यांच्या हक्कसंस्था

१/ अमेरिकेत गाणी रचू लागलेल्या प्रत्येकाला एक प्रश्न लवकरच सोडवावा लागतो : आपल्या गाण्यांचे सादरीकरण-हक्क कोणत्या संस्थेकडे सोपवायचे? आस्कॅपकडे की बीएमआयकडे? यावर ठरलेला सल्ला असतो : दोन्ही सारख्याच आहेत, त्यांच्यातील स्पर्धा तुमच्या हिताचीच आहे, कोणतीही निवडा. हा सल्ला इतिहासाच्या कसोटीला उतरत नाही. या धाग्यात त्याची चिकित्सा.

२/ आधी व्यवहार समजून घेऊ. रेडिओ, उपाहारगृह, दूरचित्रवाणी, ऑनलाइन सेवा, कोठेही गाणे जाहीरपणे वाजले की ते रचणाऱ्याला मोबदला मिळणे हा त्याचा कायदेशीर हक्क आहे. पण एकटा गीतकार हजारो उपाहारगृहांचे दार ठोठावू शकत नाही. म्हणून संस्था सर्वांच्या वतीने परवाने देते, रक्कम गोळा करते आणि वाटते. अमेरिकेत रचनाकाराला एका वेळी एकाच संस्थेत राहता येते.

३/ या व्यवस्थेचा उगम पॅरिसचा. १८४७ मध्ये एर्नेस्ट बूर्जे हा गीतकार आपल्या संगीतकार मित्रांसह एका कॅफेत बसला होता आणि तेथे त्यांचीच गाणी चालू होती. बूर्जेने बिल भरण्यास नकार दिला : आमची गाणी तुम्हाला फुकट, तर तुमचे पेय आम्हाला फुकट. प्रकरण न्यायालयात गेले आणि निकाल गीतकाराच्या बाजूने लागला. १८५१ मध्ये त्यातूनच सासेम ही फ्रेंच संस्था उभी राहिली.

४/ अमेरिकेत संगीताच्या जाहीर सादरीकरणाचा हक्क १८९७ च्या कायद्याने मान्य केला, पण वसुली करणारे कोणी नव्हते. १३ फेब्रुवारी १९१४ रोजी न्यूयॉर्कमध्ये आस्कॅपची स्थापना झाली. संगीतकार व्हिक्टर हर्बर्ट तिच्या अग्रभागी होते. शॅनलीज या उपाहारगृहाविरुद्धचा त्यांचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

५/ १९१७ च्या निकालात न्यायमूर्ती होम्स यांनी युक्तिवाद केला तो असा : गिऱ्हाईक केवळ अन्नाचे पैसे देत नाही, संगीताने भारलेल्या वातावरणाचेही देते. संगीतातून मालकाला काहीच मिळत नसते तर त्याने ते बंद केले असते. वेगळे तिकीट नसले तरी ते सादरीकरण नफ्यासाठीच आहे. आस्कॅपची पुढची सारी इमारत या निकालावर उभी आहे.

६/ आस्कॅपचे स्तुतिपाठक बहुधा येथेच थांबतात, कारण पुढचे प्रकरण अडचणीचे आहे. संस्थेच्या संचालकांना सभासद निवडत नसत. संचालकच नवे संचालक नेमत. प्रवेशासाठी प्रकाशित गाणी आणि आतल्यांचा पाठिंबा लागे. सभासदांची श्रेणी ठरे आणि श्रेणीनुसार वाटा मिळे. गीतकारांच्या नावाने निघालेली संस्था न्यूयॉर्कच्या मोजक्या गीतकार-प्रकाशकांचे वतन झाली होती.

७/ जेम्स वेल्डन जॉन्सन आणि हॅरी बर्ले हे कृष्णवर्णीय रचनाकार संस्थापक सभासदांत होते, हे खरे. परंतु ब्लूज, जॅझ आणि दक्षिणेकडील ग्रामीण संगीत रचणाऱ्या बहुसंख्यांसाठी दार बंदच राहिले. गणनेची पद्धतही त्यांना मारक होती. हिशेबात मुख्यतः मोठ्या रेडिओ-जाळ्यांवरील प्रत्यक्ष वादन धरले जाई. लहान गावच्या केंद्रावर तबकडी वाजली, तर ते वाजणे हिशेबाच्या दृष्टीने घडलेलेच नसे.

८/ जेली रोल मॉर्टन यांचे उदाहरण घ्या. जॅझच्या आद्य रचनाकारांत त्यांची गणना होते. त्यांची ‘किंग पोर्टर स्टॉम्प’ ही रचना १९३५ मध्ये बेनी गुडमन यांच्या वाद्यवृंदाने देशभर गाजवली. आस्कॅपचे सभासदत्व मॉर्टन यांना मिळाले १९३९ मध्ये; जुलै १९४१ मध्ये ते वारले. ज्या वर्षांत त्यांची रचना सर्वाधिक वाजत होती, त्या वर्षांचा सादरीकरणाचा मोबदला त्यांच्या हाती आला नाही.

९/ मक्तेदारीला आव्हान मिळणे अटळ होते. ते कोणी दिले, हे मात्र नीट पाहावे लागेल. वगळलेल्या गीतकारांनी ते दिले नाही, त्यांच्याकडे तेवढे बळ नव्हते. आव्हान आले रेडिओ केंद्रांच्या मालकांकडून, म्हणजे ज्यांना गाण्यांचे पैसे मोजावे लागत होते त्यांच्याकडून. त्यांची राष्ट्रीय संघटना १९२३ मध्ये स्थापन झाली होती तीच मुळी आस्कॅपच्या मागण्यांना तोंड देण्यासाठी.

१०/ या मालकांनी १९३९ मध्ये बीएमआय स्थापली. आस्कॅपने दर सुमारे दुप्पट करण्याचा प्रस्ताव ठेवला, तेव्हा १ जानेवारी १९४१ पासून मोठ्या रेडिओ-जाळ्यांनी आस्कॅपची सर्व गाणी वाजवणे बंद केले. कॉपीराइट संपलेली स्टीफन फॉस्टर यांची एकोणिसाव्या शतकातील गाणी श्रोत्यांना पुनःपुन्हा ऐकवली गेली. ऑक्टोबरअखेर आस्कॅप नमली आणि मागितलेल्या दराच्या बऱ्याच खाली तडजोड झाली.

११/ त्याच वर्षी सरकारच्या मक्तेदारीविरोधी कारवाईतून न्यायालयीन संमती-आदेश निघाले. संचालकांची निवड सभासदांनी करावी आणि प्रवेश खुला असावा, हे आस्कॅपला त्या आदेशाने मान्य करावे लागले. गीतकारांच्या घरात लोकशाही आली ती बाहेरून, सरकारच्या दंडुक्याने. ‘आस्कॅप हे मुळापासून गीतकारांचे घर’ ही पहिली दंतकथा येथेच गळून पडते.

१२/ दुसरी दंतकथा बीएमआयची : ही संस्था म्हणजे उपेक्षितांची मुक्तिदाती. यात तथ्याचा अंश आहे आणि तो मान्य केला पाहिजे. बीएमआयने दार उघडे ठेवले. तबकड्यांचे आणि स्थानिक केंद्रांवरील वादन हिशेबात धरले. कंट्री, ब्लूज आणि पुढे रॉक अँड रोल रचणाऱ्या असंख्य गीतकारांना सादरीकरणाच्या मोबदल्याचा पहिला धनादेश तिच्याकडूनच मिळाला.

१३/ पण हेतू आणि परिणाम यांत गल्लत करू नये. केंद्रमालकांना स्वस्त गाणी हवी होती. ती आस्कॅपने वाऱ्यावर सोडलेल्या गीतकारांकडे मिळाली. दार उघडले, परंतु घराची मालकी केंद्रमालकांकडेच राहिली. आत आलेल्या गीतकाराला ‘सभासद’ म्हटले गेले नाही. तो ‘संलग्न’ ठरला. हा शब्द नीट ध्यानात ठेवावा. पुढे त्याची किंमत मोजावी लागणार आहे.

१४/ १९५३ मध्ये ३३ गीतकारांनी बीएमआय आणि रेडिओ कंपन्यांवर १५ कोटी डॉलरचा दावा लावला. गाणी वाजवणाऱ्यानेच गाण्यांचे हक्क सांभाळणे हा हितसंबंधांचा संघर्ष आहे, हा त्यांचा मुद्दा बिनतोड होता. पण १९५८ च्या सिनेट सुनावणीत त्याच बाजूने जे बोलले गेले, त्यात ग्रामीण गाणी आणि रॉक अँड रोल म्हणजे लोकांच्या माथी मारलेला हलका माल, असा सूर होता.

१५/ न्याय्य मुद्द्याचा घात या तुच्छतेने केला. ज्यांना आपण सोबत घ्यायला हवे होते, त्यांच्याच संगीताची आस्कॅपच्या बाजूने हेटाळणी झाली. मग त्या गीतकारांनी केंद्रमालकांची बाजू घेतली, यात नवल कसले? दाव्याचा शेवट १९७१ मध्ये झाला. दावेदारांच्या हाती काही लागले नाही.

१६/ आता ‘संलग्न’ या शब्दाची किंमत. ऑक्टोबर २०२२ मध्ये बीएमआयने ना-नफा धोरण सोडून नफ्याचा मार्ग पत्करला. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यू माउंटन कॅपिटल या गुंतवणूक कंपनीच्या नेतृत्वाखालील गटाला तिची विक्री पूर्ण झाली. गीतकार-प्रकाशकांसाठी १० कोटी डॉलर बाजूला ठेवले गेले. विक्री करावी की नाही, यावर गीतकारांचे मत मात्र लागले नाही. ते मालकच नव्हते.

१७/ आस्कॅपमध्ये असा प्रश्न सभासदांना डावलून सोडवणे कठीण आहे. संचालक मंडळात १२ रचनाकार आणि १२ प्रकाशक असतात आणि ते सभासदांच्या मतांनी निवडले जातात. मात्र ही मतेही समान नाहीत. कमाईनुसार मताचे वजन ठरते. जुन्या श्रेणीव्यवस्थेची सावली अद्याप पुसलेली नाही. सेसॅक आणि जीएमआर या तर खासगी कंपन्या आहेत, तेथे प्रवेश निमंत्रणानेच.

१८/ यावर एक आक्षेप येईल : नवोदिताला मिळणारी रक्कम दोन्हीकडे साधारण सारखीच, मग इतिहास हवा कशाला? उत्तर साधे आहे. वाटपाचे नियम आभाळातून पडत नाहीत, ते मंडळाच्या बैठकीत ठरतात. मॉर्टन यांच्या वेळीही नियम होतेच आणि ते कोणाच्या तरी सोयीचेच होते. आजची समान रक्कम उद्याच्या समान नियमांची हमी देत नाही.

१९/ भारताचा अनुभव येथे उद्बोधक आहे. गीतकार-संगीतकारांसाठी १९६९ पासून मुंबईत आयपीआरएस आहे, आणि एका प्रकारच्या कृतींसाठी सामान्यतः एकाच संस्थेची नोंदणी करावी असे कायदाच म्हणतो. निवडीला वावच नाही. १९७७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटगीतांची पहिली मालकी निर्मात्याकडे जाते असे ठरवले आणि रचनाकार दुबळा झाला.

२०/ परिस्थिती पालटली ती २०१२ च्या कायदादुरुस्तीने, जिच्यासाठी जावेद अख्तर यांनी राज्यसभेत बाजू लढवली. रॉयल्टीतील समान वाटा वारस किंवा हक्कसंस्था यांखेरीज कोणालाही लिहून देता येणार नाही आणि संस्थेच्या नियामक मंडळात रचनाकार व हक्कमालक समसंख्य असतील, असे ठरले. संस्था एकच राहिली. बदलली ती रचनाकाराची मंडळातील जागा.

२१/ म्हणून ‘आस्कॅप की बीएमआय’ हा प्रश्न अपुरा आहे. अर्जावर सही करण्यापूर्वी गीतकाराने चार प्रश्न विचारावेत. संस्थेची मालकी कोणाची? मंडळ कोण निवडते? कोणते वाजणे मोजले जाते आणि कोणते सोडले जाते? करारातून बाहेर पडण्याची मुदत किती? या चारही प्रश्नांची उत्तरे दोन्ही संस्थांसाठी सारखी नाहीत.

२२/ ‘दोन्ही सारख्याच’ म्हणणाऱ्याला ही उत्तरे शोधण्याचे कष्ट पडत नाहीत. संस्थांनाही ते सोयीचे असते, कारण सभासद प्रश्न विचारत नाही तोवर हिशेबाची वही मिटलेलीच राहते. बूर्जेने कॅफेत बिल नाकारले, तेव्हा त्याच्यामागे कोणतीही संस्था नव्हती. संस्था त्या नकारानंतर आली. तिच्याकडे हिशेब मागण्याचा अधिकार म्हणूनच गीतकाराचा आहे आणि तो त्याने सहीच्या दिवसापासूनच वापरावा. (समाप्त)