वायफाय देताना बिघाड ओळखायलाही शिकवा

जळगाव आणि धुळे शहरांत केबल टीव्हीच्या जुन्या तारांशेजारून फायबरची बारीक तार आता घरांत उतरते आहे. मुलांचा सीईटीचा सराव, बँकेचे व्यवहार, पुण्या-मुंबईच्या कंपनीचे घरून चालणारे काम त्या तारेवर अवलंबून आहे. तरीही मोबाइल वायफायला जोडला गेला नाही की राउटर बंद-चालू करायचा आणि तेवढ्याने भागले नाही तर वायफायवाल्याला फोन लावायचा, एवढेच आपल्याला ठाऊक असते. घाईत कुणी फोन फॅक्टरी रिसेट केला, तर फोटोही जातात आणि बिघाड तसाच राहतो. याचा दोष घरच्यांना देता येणार नाही. जोडणी देणारा तार ओढतो, पासवर्ड टाकून देतो आणि निघतो. उद्या नेट बंद पडले तर आधी काय पाहायचे, हे सांगत नाही. ते सांगितल्याशिवाय जोडणीचे काम पूर्ण झाले असे मानूच नये.

सांगायचे असते ते फार थोडे. पहिला प्रश्न एकच: घरातले बाकीचे फोन चालतात का? चालत असतील तर अडचण बहुधा त्या एका फोनची. राउटरचा पासवर्ड बदलला असेल तर फोन जुनाच वापरत राहतो. सेटिंगमध्ये ते नेटवर्क काढून टाकून नवा पासवर्ड घातला की काम होते. फोनची तारीख चुकली असेल तर वायफायची खूण दिसते, पण संकेतस्थळे उघडत नाहीत, कारण त्यांची सुरक्षा प्रमाणपत्रे फोनला मुदतीबाहेरची वाटतात. राउटरवर फक्त डब्ल्यूपीए-3 ही नवी सुरक्षा लावलेली असेल, तर ती न ओळखणारा जुना फोन बरोबर पासवर्ड देऊनही जोडला जात नाही. मात्र कोणताच फोन चालत नसेल तर फायबरच्या पेटीवर ‘एलओएस’ या अक्षरांजवळचा दिवा पाहावा. तो लाल असेल तर पेटीपर्यंत प्रकाशच पोचत नाही. तार कुठेतरी तुटली, दुमडली किंवा सुटली आहे. मग फोनशी झटापट करण्यात अर्थ नाही, थेट तक्रार नोंदवावी.

खानदेशातल्या घरांचा आणि उन्हाळ्याचाही यात वाटा आहे. जुन्या धाब्याच्या घरांच्या मातीच्या भिंती जाड, तर नव्या घरांच्या स्लॅबमध्ये लोखंडी सळया. दोन्हींतून जाताना लहरी क्षीण होतात. राउटरची 2.4 गिगाहर्ट्झची लहर भिंतीपलीकडे बरी पोचते, 5 गिगाहर्ट्झची वेगवान असली तरी लवकर अडते. कित्येक जुन्या, स्वस्त फोनना तर 5 गिगाहर्ट्झ दिसतच नाही. म्हणून एकाच खोलीत एका फोनच्या यादीत वायफायचे नाव असते आणि दुसऱ्याच्या नसते. त्यात मे महिन्यात पारा 45 अंशांकडे सरकतो आणि खिडकीत कूलर बसतो. तार ज्या खिडकीतून आत येते तिच्याच कोपऱ्यात राउटर टांगलेला असेल, तर समोर कूलरचा पत्रा आणि त्याच्या टाकीतले पाणी उभे राहते. पत्रा लहरी परतवतो, पाणी त्या शोषून घेते. पुढच्या खोलीतला फोन मग सारखा तुटत राहतो आणि बोल मात्र कंपनीला लागतो. जोडणीच्या दिवशी दोन मीटर जादा तार टाकून राउटर घराच्या मध्यावर, उंचावर आणि मोकळ्या हवेत लावला, तर हा त्रास पुष्कळ कमी होतो.

यावर कुणी म्हणेल, मोबाइल डेटा स्वस्त असताना हा खटाटोप कशाला? पण बहुतेक डेटा पॅकना रोजची मर्यादा असते, आणि जी जाड भिंत वायफाय अडवते तीच मोबाइलची रेंजही अडवते. वयस्कर माणसांना हे जमणार नाही, असेही म्हटले जाते. गॅसचा रेग्युलेटर लावणे आणि गळती ओळखणे याच माणसांना जमले, कारण ते त्यांना कुणीतरी हाताने दाखवले. सेटिंग ग्राहकाच्या हाती दिली तर तो काहीतरी बिघडवेल, ही जोडणी देणाऱ्यांची भीती मात्र अगदीच खोटी नाही. पण दिवा पाहणे, दुसरा फोन लावून बघणे आणि नेटवर्क काढून पुन्हा जोडणे यासाठी राउटरच्या सेटिंगला हात लावावाच लागत नाही.

या अज्ञानाची किंमत फक्त खोळंब्यापुरती नसते. घाबरलेला माणूस गुगलवर ग्राहक सेवेचा क्रमांक शोधतो. तो क्रमांक ठगाचा निघाला, तर स्क्रीन दाखवणारे अ‍ॅप टाकायला लावून खाते रिकामे केले जाते. मग 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर धावावे लागते. म्हणून प्रत्येक जोडणीसोबत मराठीत छापलेले एक पान द्यावे, आणि ते राउटरशेजारी भिंतीवर चिकटवावे. त्यावर कोणत्या दिव्याचा काय अर्थ, कोणत्या क्रमाने काय तपासायचे आणि तक्रारीचा खरा क्रमांक एवढे असले तरी पुरे. दूरसंचार नियामक ‘ट्राय’च्या 2012 च्या नियमांनी तक्रारीला क्रमांक मिळण्याची आणि समाधान न झाल्यास अपिलाची तरतूद केली आहे, हेही त्यावर लिहावे. छपाईला खर्च नगण्य आहे आणि समजावायला दहा मिनिटे पुरतात. ग्राहकांनीही जोडणीचे पैसे हातावर ठेवण्याआधी हे पान मागून घ्यावे.