टेकूला असा काय खर्च येतो?

आमच्या बँकेत कर्ज मागायला कोणीही आला, की मॅनेजरसाहेबांचा प्रश्न ठरलेला : "जामीनदार कोण?" माणूस एकट्याच्या पायांवर कर्जाचं ओझं पेलू शकत नाही, हे बँकेला मनोमन मान्य आहे. पुढे हप्ते थकले, तरी आम्ही लगेच लिलाव पुकारत नाही. नोटीस देतो, मुदत वाढवतो, कर्जाचं पुनर्गठन करतो. झाडाच्या नशिबी मात्र यातलं काहीच नाही. फांदी जरा वाकली, की थेट कुऱ्हाड!

त्याचं असं झालं. मेमधल्या वळवाने अंबाजोगाईतल्या आमच्या कॉलनीच्या कडुनिंबाला तडाखा दिला. त्याच्या आडव्या फांदीला बुंध्याजवळ बोटभर चीर पडली. या फांदीखाली अकरा स्कूटरी, एक इस्त्रीवाला आणि दुपारभर कॉलनीचं राजकारण असतं. संध्याकाळी बैठक भरली आणि दीड मिनिटात फांदी तोडण्याचा ठराव आला. (पाण्याच्या टाकीचा ठराव चार वर्षं पडून आहे.)

मी म्हटलं, "सर, टेकू देऊ या."

अध्यक्ष निवृत्त हेडमास्तर. ते हसले. "अहो, टेकू सरकारला देतात!"

हेच तर आमचं दुखणं! टेकू म्हटलं की आपल्याला 1990 सालचं चंद्रशेखर यांचं सरकार आठवतं. काँग्रेसने बाहेरून पाठिंबा दिला आणि चार महिन्यांत सरकार गडगडलं. पण बाभळीचा टेकू पाठिंबा काढून घ्यायची धमकी देत नाही हो! गेवराईकडच्या मोसंबीच्या बागेत जाऊन बघा. फळांनी वाकलेल्या फांदीखाली शेतकरी बांबू लावतो, तोडत नाही. बैल सोडले की गाडीच्या जुवाखालीसुद्धा आपण लाकूड उभं करतो. शहाणपण गावात शिल्लक आहे. कॉलनीत आलं की ते चपलांबरोबर बाहेर राहतं.

काम तरी केवढं? एक दणकट बेचकं. खाली सपाट दगड, म्हणजे पावसात ते खचणार नाही. वर जुन्या टायरचा तुकडा, म्हणजे साल सोलणार नाही. फांदी उचलायची नाही, आहे तिथे नुसती तोलायची. चिरेत आरपार बोल्ट घालायचा. तार गुंडाळायची नाही, कारण फांदी जाड झाली की तार तिचा गळा आवळते. फांदी आतून कुजली असेल तर खुशाल छाटा, मी आडवा येणार नाही. पण आधी बघा तरी!

महबूबनगरचा पिल्ललमर्री वड काही शतकांचा. 1956 पर्यंत तो आणि आम्ही बीडकर एकाच हैदराबाद राज्यात होतो. 2018 साली वाळवीने तो पोखरला, तेव्हा त्याला सलाइनमधून औषध ठिबकवलं आणि जड फांद्यांखाली सिमेंटचे खांब उभे केले. हावड्याच्या बागेतल्या वडाचं मूळ खोडच बुरशी लागल्याने 1925 साली काढावं लागलं. तो तेव्हापासून पारंब्यांवर उभा आहे. वड आपले टेकू आपणच पैदा करतो. कडुनिंबाला ते जमत नाही, एवढाच त्याचा गुन्हा.

आणि आमचा जिल्हा तर जंगलाच्या बाबतीत मुळातच गरीब. 2020 साली बीडजवळ पालवणच्या डोंगरावर वृक्षसंमेलन भरलं, तेव्हा अध्यक्षपद वडाला दिलं होतं. मला अतिशय आवडलं. आमच्या कॉलनीचं अध्यक्षपदही कडुनिंबाला द्यावं, असं मी सुचवणार होतो. पण सर समोरच बसले होते.

तोडणाऱ्याला मात्र माझी दया आली. "सायेब, कामून उगा ताप करून घेता? दोन घावांचं काम हाय."

शेवटी सर म्हणाले, "ठीक आहे. पण उद्या फांदी पडली, तर जबाबदारी कोणाची?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी वहीत सही केली : जामीनदार.

सख्ख्या मेहुण्याला जामीन राहायला नकार देणारा माणूस फांदीला जामीन राहतो, म्हणून घरात गेले चार दिवस अबोला आहे. बेचकं उद्या येतंय. टायर मिळालाय.