कोंडलेली हवा आणि संगणकाचा हिशेब



गोठ्यात कोंदट वास सुटला की आपण लगेच झरोका मोकळा करतो. माणसे बसतात-उठतात त्या खोलीची मात्र तेवढी काळजी घेत नाही.

चीनमधील ग्वांगझू शहरातील एका हॉटेलची हकिगत ऐका. २४ जानेवारी २०२० ची दुपार. बिनखिडक्यांची, वातानुकूलित जागा. जेवायला आलेल्या एका कुटुंबात करोनाची लागण झालेली व्यक्ती होती. पुढे शेजारशेजारच्या तीन टेबलांवरचे मिळून १० जण आजारी पडले. बाकीची गिऱ्हाइके आणि वाढपी सुटले. टेबलांमध्ये मीटरभर अंतर होते, तरीही!

हाँगकाँग विद्यापीठाचे युगुओ ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा छडा संगणकावर लावला. आपण शेतात वाफे पाडतो, तसे संगणकात त्या खोलीच्या हवेचे बारीक कप्पे पाडतात. थंड हवेचा झोत कोठून येतो, अंगाची ऊब वर कशी चढते, हे आकडे भरतात. मग पाटाचे पाणी वाफ्यावाफ्यातून वळावे, तशी हवा या कप्प्यातून त्या कप्प्यात कशी सरकेल, याचा क्षणाक्षणाचा हिशेब यंत्र मांडते. निघाले असे, की तीच ती हवा त्या तीन टेबलांभोवती घुमत राहिली होती.

संगणक म्हणजे काही देव नव्हे. चुकीचे आकडे पेराल तर उत्तरही चुकीचेच उगवेल. म्हणून संशोधकांनी प्रत्यक्ष त्या जागी गॅस सोडून मोजणी केली. ताजी हवा दरमाणशी सेकंदाला जेमतेम एक लिटर भरली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सांगितलेले प्रमाण १० लिटर आहे.

आपल्याकडे क्षयरोगही असाच हवेतून पसरतो. खोकल्याबरोबर उडालेले सूक्ष्म कण कोंदट खोलीत तासन् तास तरंगतात. घरात रुग्ण असेल तर औषधे नेमाने चालू ठेवाच. पण थंडीच्या भीतीने सगळी दारे-खिडक्या लावून मुलांना त्याच खोलीत निजवू नका. छताचा पंखा आतलीच हवा ढवळतो, एवढ्यावर विसंबू नका.

समोरासमोरची दोन तावदाने उघडा आणि खोलीत उदबत्ती लावून पाहा. धूर ज्या खिडकीतून बाहेर जाईल तिच्यालगत रुग्णाची खाट टाका. इतरांनी वारा आत येतो त्या बाजूला बसावे. धूर आतच घुटमळला, तर गवंडी बोलावून समोरच्या भिंतीत वरच्या अंगाला झरोका पाडून घ्या.