ढगातले मीठ आणि शिवारातला धूर

पावसाळ्याची चाहूल लागताच उचगाव आणि कोल्हापूरच्या पूर्वेकडील गावांत गृहिणी मिठाच्या बरणीचे झाकण घट्ट करतात आणि गुळाचे रवे कोरड्या जागी हलवितात. हवा दमट झाली की मिठाला ओल येते, गुळाला पाणी सुटते. गूळ-व्यापाऱ्याला हे शास्त्रज्ञाने सांगावे लागत नाही. शीतगृहाचे भाडे तो त्यासाठीच भरतो. परंतु बरणीत नुकसान करणारी हीच क्रिया आकाशात पावसाचा आरंभ करते, ही गोष्ट क्वचितच ध्यानात घेतली जाते.

हवेतील बाष्पाचा थेंब आपोआप होत नाही. हवा सर्वस्वी निर्मळ असती, तर त्यासाठी सापेक्ष आर्द्रता शंभर टक्क्यांच्या कितीतरी पट व्हावी लागली असती. प्रत्यक्ष ढगात ती शंभराहून जेमतेम एखाद्या टक्क्याने अधिक असते. हे अंतर भरून काढतात ते समुद्राच्या फेसातून उडालेले मीठ, धूळ, धूर आणि गंधकाची संयुगे यांचे सूक्ष्म कण. स्वीडनचे शास्त्रज्ञ हिल्डिंग कोलर यांनी १९३६ साली याचे गणित मांडले. कणातील विरघळलेले मीठ पाण्याला धरून ठेवू पाहते, तर थेंबाची वक्रता त्याला निसटू देते. या ओढाताणीत ठरावीक आकार ओलांडणारा कणच वाढत जाऊन मेघबिंदू होतो. बाकीचे ओलसर होऊन तसेच राहतात.

मेघबिंदू म्हणजे मात्र पाऊस नव्हे. असे सुमारे दहा लाख बिंदू एकत्र यावेत तेव्हा कोठे एक पावसाचा थेंब होतो. येथे वाटणीचा प्रश्न उद्भवतो. तेवढेच पाणी थोड्या कणांत वाटले गेले, तर बिंदू मोठे होतात, आपसांत आदळतात आणि पडतात. कण फार झाले तर प्रत्येकाच्या वाट्याला अल्प पाणी येते आणि बिंदू तरंगत राहतात. तुकड्यातुकड्यांत विभागलेल्या शेतजमिनीची आठवण व्हावी, असाच हा प्रकार आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २००९ पासून विमानातून केलेल्या मोजणीतही कणांनी भरलेल्या ढगांत पावसाचे थेंब अधिक उंचीवर तयार होतात, असे आढळले. अर्थात, खूप उंच वाढणाऱ्या ढगांचे वर्तन निराळे असू शकते. धूर वाढला की पाऊस घटतोच, असा सरसकट निष्कर्ष काढता येणार नाही.

कृत्रिम पावसाचा खटाटोप याच तत्त्वावर उभा आहे. ढगात पाणी आहे, पण बिंदू लहान आहेत. तेथे योग्य आकाराचे आर्द्रताशोषक कण सोडावयाचे. महाराष्ट्राला हा प्रयोग नवा नाही. १९७३ ते १९८६ या काळातील अकरा पावसाळ्यांत बारामती परिसरात मिठाची पूड फवारण्यात आली आणि पावसात सुमारे २४ टक्के वाढ नोंदविली गेली. २०१८ व २०१९ मध्ये सोलापूर परिसरात २७६ ढग निवडून काहींवर कॅल्शियम क्लोराइडचे कण सोडले, काही तसेच ठेवले. सुमारे १०० चौरस किलोमीटर क्षेत्रात सरासरी १८ टक्के वाढ दिसली. या पाण्याचा खर्च लिटरमागे १८ पैसे काढण्यात आला.

१८ पैसे हा आकडा ऐकावयास किरकोळ वाटतो. परंतु हिशेब पुरता करावयास हवा. एका एकरावर १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे चार लाख लिटरांहून अधिक पाणी. या दराने त्याची किंमत ७० हजार रुपयांच्या पुढे जाते. उसाला तर याच्या पंधरा-वीस पट पाणी लागते. तहानलेल्या गावाच्या पिण्याच्या पाण्यासाठी हा दर कदाचित परवडेल, पिकासाठी मुळीच नाही. शिवाय ढगच नसेल तर मीठ टाकून काय होणार? ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेच्या महापुराने कोल्हापूरजवळचा महामार्ग बंद पडला होता आणि त्याच महिन्यात मराठवाड्यावर कृत्रिम पावसासाठी विमान फिरत होते. ही विषमता फवारणीने मिटणारी नाही.

वास्तविक, जे पाणी आधीच जमिनीवर पडले आहे, तेच सर्वांत स्वस्त होय. आणि नेमक्या त्याच पाण्याबाबत उसाच्या पट्ट्यात अनास्था आहे. तोडणी झाली की पाचटाला काडी लावली जाते. सरीत पसरलेले पाचट ओल धरून ठेवते आणि कुजून जमिनीस सेंद्रिय कर्ब देते; जाळले की उघड्या जमिनीतून ओल उडून जाते. हंगामातला हा धूर जूनपर्यंत हवेत टिकत नाही, म्हणून पावसाळी ढगांचा दोष त्याच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. परंतु हिवाळ्याच्या दमट पहाटे धुराचे कण पाणी शोषून फुगतात, नदीकाठचे धुके गडद करतात आणि श्वासावाटे फुप्फुसांत जातात. त्याची किंमत कोणत्याही खातेवहीत चढत नाही; ती रस्त्यावरचा वाहनचालक आणि घरातला दम्याचा रुग्ण भरतो.

शेतकरी पाचट हौसेने जाळीत नाही. खोडव्याला लवकर पाणी द्यावयाचे असते, मजूर मिळत नाहीत, मिळाले तर परवडत नाहीत. म्हणून नुसत्या दंडाने काम भागणार नाही. ऊस नेणाऱ्या कारखान्याने तोडणीपाठोपाठ पाचट कुट्टीचे यंत्र शिवारात पाठवावे आणि त्याचा खर्च शासन, कारखाना व शेतकरी यांनी मिळून उचलावा, हा मार्ग अधिक न्याय्य आहे. कृत्रिम पावसाचे संशोधन अवश्य चालू राहावे. त्यातून ढगांचे ज्ञान वाढते. मात्र पुढील फवारणीसाठी निधी मंजूर करताना शासनाने एक प्रश्न स्वतःस विचारावा: तेवढ्याच रुपयांत आकाशातून किती लिटर उतरेल आणि शिवारातले किती लिटर वाचेल? हे उत्तर मांडल्यावाचून केलेला खर्च हा नियोजनाचा नव्हे, नवसाचा खर्च ठरेल.