दोन मिलिमीटर

सोमवारी सकाळी वाचनालयाच्या दारात रद्दीचा टेम्पो उभा होता. आभाळ भरून आलेलं, वर ताडपत्री नाही, आणि हौद्यात सुतळीने बांधलेले मासिकांचे गठ्ठे. वरच्याच गठ्ठ्यावर मोटरसायकलचा फोटो दिसला म्हणून थांबलो. मोटरसायकलींची मासिकं होती, सलग बारा वर्षांची. त्यातली निम्म्याहून अधिक मीच दिलेली. आत जाऊन विचारलं, तर उत्तर मिळालं, "जागा कुठाय काका? आणि ही मागतं कोण? साहित्य असतं तर ठेवलं असतं." टेम्पोवाल्याला वजनापेक्षा चार पैसे जास्त देऊन पाच गठ्ठे उतरवून घेतले. बाकीचे डोळ्यांदेखत गेले.

तो राग अजून उतरलेला नाही. १९०९च्या ‘मनोरंजन’पासूनचे दिवाळी अंक आपण जपतो, ते योग्यच आहे. जुना अंक हाती आला की अभ्यासक कथांइतक्याच बारकाईने त्यातल्या जाहिरातीसुद्धा वाचतात. मग गाडीच्या मासिकाने काय पाप केलं? त्या वर्षी पिस्टन-रिंगला किती पैसे पडत होते, गाडी लिटरला खरोखर किती देत होती, कुठल्या गावचा वाचक ‘चौथ्या गिअरला गाडी का उचकते’ म्हणून पत्र लिहीत होता, हे दुसरीकडे कुठेही नोंदलेलं नाही. इंग्लंडात १९४६ साली स्थापन झालेला व्हिंटेज मोटर सायकल क्लब आहे, त्याचं स्वतःचं ग्रंथालय आहे. तिकडे ‘द मोटर सायकल’ आणि ‘मोटर सायकलिंग’ अशी दोन साप्ताहिकं निघत, एकाचं मुखपृष्ठ निळं, दुसऱ्याचं हिरवं. वाचक नाव घेतच नसत. ‘निळं’ आणि ‘हिरवं’ एवढंच म्हणत. इतकी ती घरातली झाली होती.

माझ्या घरात ती आली फाउंटनच्या फूटपाथवरून. १९८४ साली मी माटुंग्याला होस्टेलवर होतो. शनिवारी दुपारी लोकलने चर्चगेटला उतरायचं आणि चालत फ्लोरा फाउंटन गाठायचं. पुस्तकवाल्यांच्या ढिगात परदेशी मासिकं तळाशी असत, दहा-दहा वर्षं जुनी, कुणाचा तरी पत्ता चिकटवलेली. ढीग उपसू द्यायला पुस्तकवाला कुरकुरायचा नाही, फक्त परत नीट रचून ठेवा म्हणायचा. होंडाची सीबी ७५०, चार सिलेंडरची, पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक, १९६९ सालची. कावासाकीची झेड वन, १९७२ची, ९०३ सीसी. यातली एकही गाडी मी तेव्हा रस्त्यावर पाहिलेली नव्हती. पण तिच्या इंजिनाचा उभा छेद दाखवणारं चित्र मी वहीत उतरवून काढू शकत होतो.

त्या मासिकांचे संपादक नुसते लिहीत नसत. अमेरिकेतल्या ‘सायकल’ मासिकाचे संपादक कुक नीलसन यांनी १९७७ साली डेटोनाची सुपरबाइक शर्यत स्वतः जिंकली, डुकाटी ७५० एसएसवर. ती गाडी तयार केली होती मासिकातले त्यांचेच सहकारी फिल शिलिंग यांनी. मला हे कळलं तेव्हा शर्यत होऊन सात-आठ वर्षं उलटली होती, तरी तो लेख वाचून रात्रभर झोप लागली नाही. ज्याने गाडी खोलली, चालवली, पळवली, तोच लिहितो आहे, म्हणून त्या वाक्यांना वजन होतं.

आपल्याकडे १९८३ साली राजदूत ३५० आली. यामाहाची आरडी ३५०, एस्कॉर्ट्सने इथे बनवलेली. ३४७ सीसी, दोन सिलेंडर, टू-स्ट्रोक, सहा गिअर. जपानी गाडी ३९ अश्वशक्तीची, इथली ‘हाय टॉर्क’ साडेतीसची, नंतरची ‘लो टॉर्क’ २७ची. पुढचा डिस्क ब्रेक गेला, दोन्हीकडे ड्रम आले. पेट्रोल भरपूर प्यायची, म्हणून खपली कमी आणि दशक सरता सरता बंद झाली. तरी तेव्हाची साडेतीनशेची बुलेट १८ अश्वशक्तीची होती, यावरून तिचा जोर लक्षात यावा.

माझी आरडी मी जुनी घेतली, १९८७ला, कोल्हापुरात परत आल्यावर. ती कागलजवळ बंद पडली. बंद पडण्याआधी खळखळ असा आवाज आला, वाटाणे डब्यात हलवल्यासारखा, आणि उजवा सिलेंडर गप्प झाला. ट्रकमध्ये टाकून उद्यमनगरात आणली. तिथे आमचे नेहमीचे मिस्त्री होते. त्यांनी हेड उघडलं. पिस्टनच्या माथ्याला मसुराएवढं आरपार भोक.

मिस्त्रींनी ते पिस्टन उन्हात धरून भोकातून पाहिलं. म्हणाले, "टायमिंग पुढं हाय. ठिणगी लौकर पडतीया." पण किती पुढे? कंपनीचं पुस्तक त्यांच्याकडे नव्हतं. तोवर ते सगळं कानावर लावत आले होते, आणि येझदी-जावाला ते चालूनही जायचं. या इंजिनाला चालणार नव्हतं. इथे दोन सिलेंडरांना पॉइंटचे दोन वेगळे जोड, आणि दोन्ही वेगवेगळे लावावे लागतात. ठिणगी लवकर पडली तर माथा तापून वितळतो, उशिरा पडली तर गाडी ओढत नाही आणि सायलेन्सर तापतो.

मी घरी गेलो, फाउंटनचा ढीग उपसला आणि आरडीच्या चाचणीचा अंक घेऊन आलो. शेवटच्या पानावर बारीक टायपात कोष्टक होतं. "वाचा की, काय लिवलंय?" मी वाचलं : पिस्टन वरच्या टोकाला पोचण्याआधी दोन मिलिमीटर.

मिस्त्रींनी शेजारच्या लेथवाल्याकडून डायल गेज आणलं, प्लगच्या भोकात बसवलं. पॉइंट नेमका कधी उघडतो ते डोळ्यांना दिसत नाही. त्यांनी सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद फाडून त्याची पट्टी पॉइंटमध्ये सरकवली आणि मला हलकी ओढून धरायला सांगितली. मग पान्ह्याने क्रँक फिरवायला लागले, केसभर, केसभर. पट्टी सुटली तो पॉइंट उघडण्याचा क्षण. डायलवर तेव्हा तीनच्याही वर आकडा होता. प्लेट सैल करायची, कणभर सरकवायची, स्क्रू आवळायचा, पुन्हा पट्टी. स्क्रू आवळताना प्लेट पुन्हा हलते, तेही धरायचं. संध्याकाळचे दिवे लागले तेव्हा पट्टी बरोबर दोनवर सुटली. आधी उजवा, मग डावा. मिस्त्रींनी तेलाचा अंगठा त्या पानावर, त्या आकड्यावर टेकवला आणि म्हणाले, "हे पान जपून ठेवा."

ते पान माझ्याकडे आहे. अंगठ्याचा ठसा आता चहाच्या रंगाचा झालाय, पण रेषा दिसतात.

बुधवारी सोडवून आणलेले गठ्ठे अंगणात पसरून बसलो होतो, तेव्हा एक मुलगा दारात आला. वय बावीस-तेवीस. आजोबांच्या गोठ्यात पडून असलेली आरडी त्याने वर्षभर खपून उभी केली होती. इंजिन सुरू होत होतं, पण टायमिंगचे तीन ठिकाणी तीन आकडे त्याला मिळाले होते. "मिस्त्रींनी तुमच्याकडे पाठवलंय काका. म्हणाले, पान त्यांच्याकडंच असणार."

पान घेऊन दोघं उद्यमनगरात गेलो. मिस्त्रींना आता नीट दिसत नाही; ते स्टुलावर बसून राहिले. पट्टी मी धरली, पान्हा त्या मुलाने फिरवला. सिगारेटचा कागद मिळाला नाही, म्हणून बटर पेपर घेतला, तो जाड पडला. शेवटी बिलाच्या पुस्तकातला कार्बनखालचा पिवळा कागद चालला. दोन तास गेले. तिसऱ्या किकला गाडी लागली, गाळा निळ्या धुराने भरला, आणि जळलेल्या टू-टी ऑइलचा तो वास आला. शेजारचे दोन गाळेवाले काम टाकून बघायला आले.

मिस्त्रींनी हात वर करून मुलाला ॲक्सिलरेटर सोडायला लावला. डोळे मिटून, मान कलती करून ऐकत राहिले.

"उजवा बरोबर हाय," ते म्हणाले. "डावा आजून कणभर मागं. खोल पोरा."