उच्चारायचा राहिलेला शब्द

श्लेष अलंकार शिकवताना 'पयोधर' हा शब्द हमखास येतो. त्याचा एक अर्थ मेघ, दुसरा स्तन. भुसावळच्या औष्णिक वीज केंद्राची वसाहत असलेल्या दीपनगरातून आणि आसपासच्या खेड्यांतून आमच्या वर्गात येणाऱ्या मुली दोन्ही अर्थ बिनचूक लिहितात. स्तनांच्या स्वपरीक्षणाचा विषय निघाला, की त्याच मुली 'छातीचं काहीतरी' एवढेच बोलून थांबतात. हे अज्ञान आहे, असे आम्हांला वाटत नाही. माहिती त्यांच्या हातातल्या मोबाइलवर आहे. अडचण शब्दाची आहे. जो अवयव कवितेत उपमेय म्हणून आणि घरात केवळ मौनातून भेटतो, तो स्वतःचा आहे असे मुलींना वाटावे तरी कसे?

'दरमहा तपासा' हा उपदेशही पुरेसा नाही. शांघायच्या कापडगिरण्यांतील सुमारे २ लाख ६६ हजार कामगार स्त्रियांच्या चाचणीचे अंतिम निष्कर्ष २००२ साली आले. स्वपरीक्षण शिकवूनही स्तनकर्करोगाने होणारे मृत्यू घटले नव्हते. निरुपद्रवी गाठी काढून तपासण्याचे प्रमाण मात्र वाढले होते. मुंबईत टाटा मेमोरियल सेंटरने १९९८मध्ये सुरू केलेल्या अभ्यासात सुमारे दीड लाख स्त्रिया होत्या. त्यांतील निम्म्या स्त्रियांची तपासणी प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, चार वेळा, हाताने केली. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या गटात रोग आधीच्या टप्प्यावर सापडला आणि ५० वर्षांवरील स्त्रियांत मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले.

यातून आम्ही एवढाच बोध घेतो, की विशीतल्या मुलीला धाकाचे व्रत नको, देहाची ओळख हवी. या वयातल्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. तरीही नवी गाठ, त्वचेला पडलेली खळी, स्तनाग्रातून येणारा स्राव यांविषयी डॉक्टरांशी न अडखळता बोलता आले पाहिजे. शासकीय कार्यक्रमात स्तनतपासणी आहे ती तिशीपासून पुढच्या स्त्रियांसाठी, म्हणजे आज या मुलींच्या आयांसाठी. आईने लपवलेली गाठ प्रथम मुलीला कळण्याचा संभव मोठा. तेव्हा मुलीपाशी शब्द नसेल, तर दोघींचे मौन मिळून रोगाला मुदत देईल.

हालाच्या 'गाथासप्तशती'ची महाराष्ट्री प्राकृत देहाविषयी अबोल नव्हती. तिचा वारसा सांगणाऱ्या अध्यापकांनी निदान हा एक शब्द वर्गात, आवाज न उतरवता, उच्चारावा.