दोनशे वॅटची भाजी

विषय पोटाचा आहे, तेव्हा प्रस्तावना लहान ठेवते. हॉस्टेलच्या नियमावलीत एक वाक्य आहे, ज्याखाली प्रत्येक फ्रेशर पहिल्याच दिवशी न वाचता सही करते. ‘खोलीत स्वयंपाकाचे कोणतेही विद्युत उपकरण आढळल्यास ते जप्त करण्यात येईल व दंड आकारण्यात येईल.’ माझं म्हणणं एवढंच आहे की हे वाक्य इंजिनिअरिंग कॉलेजच्या हॉस्टेलला शोभत नाही. कारण त्यात ‘कोणतेही’ आहे, पण वॅटचा आकडा कुठेच नाही!

आता गंमत बघा. इस्त्री चालते. ती साधारण हजार वॅटची. पाणी तापवायची इलेक्ट्रिक किटली चालते. ती पंधराशे वॅटची. पण दोनशे वॅटचं एक मातीचं भांडं, ज्याला दुकानात स्लो कुकर म्हणतात, ते मात्र चालत नाही, कारण त्यात भाजी शिजते. म्हणजे आपला नियम करंट बघत नाही, हेतू बघतो. दोनशे वॅट म्हणजे जेमतेम तीन सीलिंग फॅन. २३० व्होल्टला हिशोब केला तर ०.८७ अँपिअर. उलट पंधराशे वॅटची कॉईल लावली की साडेसहा अँपिअर, आणि खोलीतलं साधं सॉकेट असतं ६ अँपिअरचं. तीन खोल्यांनी एकाच सर्किटवर एकाच वेळी कॉईल लावली की मजल्यावर अंधार. परीक्षेच्या आदल्या रात्री हा प्रयोग सगळ्यांनी बघितलेला आहे, प्रॅक्टिकलचे मार्क मात्र कोणालाच मिळाले नाहीत. म्हणजे कॉईलवर बंदी हवीच. त्याबद्दल माझं काहीच भांडण नाही.

भांडण आहे ते रात्रीच्या भुकेचं. मेस नऊला बंद होते. मुलींच्या हॉस्टेलचं गेटही त्याच सुमाराला बंद होतं. मुलांचं बरं असतं, कोपऱ्यावर भुर्जीची गाडी असते, कटिंग असतो. आमच्याकडे रात्री अकरा वाजता, सबमिशनच्या शीट्स अर्ध्या झालेल्या असताना काय असतं? किटलीतल्या पाण्यात बुडवलेले नूडल्स, बिस्किटं आणि घरून आलेल्या चिवड्याचा तळ. लॅब लांबली आणि मेस हुकली, तर तेच जेवण. ताप आला, मऊ काही खावंसं वाटलं, तरी तेच. चार वर्षं हे असं खाऊन आपण इंजिनिअर होतो आणि मग सुट्टीत घरी गेल्यावर आई विचारते, ‘तोंड एवढं का उतरलंय?’

ज्यांनी स्लो कुकर पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जाड सिरॅमिकचं भांडं, त्याच्या भोवती बाजूंनी गुंडाळलेली हीटिंगची तार आणि वर काचेचं झाकण. भांडं तळाशी एकदम तापत नाही, चहूबाजूंनी हळूहळू तापतं. आतला पदार्थ तीन-चार तासांत उकळीच्या जवळ पोचतो आणि तिथेच राहतो. वाफ झाकणाला लागून परत खाली येते, म्हणून पाणी आटत नाही, भाजी करपत नाही आणि ढवळायलाही लागत नाही. इर्व्हिंग नॅक्सन या अमेरिकन माणसाला याचं पेटंट १९४० साली मिळालं. कल्पना त्याच्या आजीची. लिथुआनियातल्या तिच्या गावात शुक्रवारी संध्याकाळी घरोघरची भांडी बेकरीच्या निवत चाललेल्या भट्टीत ठेवायचे, कारण शनिवारी ज्यू लोक विस्तव पेटवत नाहीत. रात्रभर त्या उरलेल्या उष्णतेवर जेवण शिजायचं. पुढे १९७१ मध्ये हेच यंत्र ‘क्रॉक-पॉट’ नावाने अमेरिकेत घराघरात गेलं.

पण हे काही फॉरेनचं खूळ नाही. रायगडात थंडीत पोपटी लावतात. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, तोंड पाल्याने बंद आणि भोवती जाळ. पाण्याचा थेंब नाही. खानदेशात पऱ्हाटीच्या जाळावर भरताची वांगी भाजतात. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये जीआय मानांकनसुद्धा मिळालं. कलकत्त्यात डॉ. इंदुमाधव मलिक यांनी १९१० मध्ये ‘इकमिक कुकर’ काढला. एकावर एक डबे, खाली थोडासा कोळसा, की भात-डाळ-भाजी एकदम तयार. आणि आपल्या पुण्याच्या ‘आरती’ संस्थेने, म्हणजे डॉ. आनंद कर्वे यांच्या अ‍ॅप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूटने, ‘सराई कुकर’ केला. शंभर-एक ग्रॅम कोळशाच्या कांड्यांवर चार-पाच माणसांचं जेवण! मेकॅनिकलच्या मुलींनी हीट ट्रान्सफरच्या आधी हे वाचावं, असं मला मनापासून वाटतं.

मग ही मंद आच आपल्या शहरातल्या स्वयंपाकघरातून गेली कुठे? उत्तर आमच्या गच्चीवरून दिसतं. समोर माहुल आहे. माहुल म्हटलं की आज लोकांना तिथली हवा आठवते. तानसा पाइपलाइनवरून हटवलेल्या लोकांना तिथे राहायची सक्ती करता येणार नाही, असं हायकोर्टाने २०१९ मध्ये सांगितलं, तेही आठवतं. पण मुंबईच्या स्वयंपाकघराचा इतिहाससुद्धा याच गावाच्या शिवारात घडला. १९५४-५५ मध्ये तिथे दोन रिफायनऱ्या सुरू झाल्या, त्यांतली एक बर्मा-शेलची, म्हणजे आजची भारत पेट्रोलियम. त्याच दशकात बर्मा-शेलचा ‘बर्शेन’ गॅस मुंबईकरांच्या घरात येऊ लागला. शेजारी टाटांचं ट्रॉम्बेचं वीजकेंद्र १९५६ ला सुरू झालं. १९५९ ला हॉकिन्सचा कुकर आला. शेगडी गेली, चूल गेली, आणि शिजणं हे शिट्ट्यांमध्ये मोजलं जाऊ लागलं. वाईट झालं असं मी मुळीच म्हणत नाही. धुरापासून बायकांची सुटका झाली, ही केवढी मोठी गोष्ट आहे! मला फक्त एवढंच दिसतं की एका बाजूला गॅस, दुसऱ्या बाजूला वीज, आणि मध्ये आम्ही रात्री अकराला कोरडी बिस्किटं खातोय.

तर आता भाजी. स्लो कुकरमध्ये परदेशात लोक भाज्यांचं गरम, मऊ, क्रीमचं डिप करतात आणि त्यात ब्रेड बुडवून खातात. मराठीत याला वेगळं नाव शोधायची गरजच नाही, आपल्याकडे पावभाजी आहे. सहा जणींसाठी अर्धा किलो बटाटे, पाव किलो फ्लॉवर, एक गाजर, एक वाटी मटार, दोन कांदे. बटाट्याचे अर्ध्या इंचाचे तुकडे करायचे आणि ते तळाशी, भांड्याच्या भिंतीला लागून ठेवायचे, कारण उष्णता तिथून येते आणि बटाटा सगळ्यात हट्टी. कांदा अगदी बारीक चिरून लोण्याबरोबर तळाशीच. पाणी फक्त अर्धी वाटी, कारण ते कुठेही जाणार नाही. झाकण लावायचं, बटण ‘हाय’वर आणि चार तास विसरायचं. सारखं झाकण उघडून बघायचं नाही. एकदा उघडलं की गेलेली उष्णता भरून यायला पंधरा-वीस मिनिटं लागतात.

इथे एक शास्त्र आहे, आणि ते न कळल्यामुळे पुष्कळांचा पहिला प्रयोग फसतो. टोमॅटो आधी घालायचा नाही. भाजीचे तुकडे एकमेकांना धरून ठेवतं ते पेक्टिन, आणि आंबट पाण्यात ते सहज सुटत नाही. टोमॅटो सुरुवातीला पडला तर सहा तासांनीही बटाटा कडकच. म्हणून भाजी पूर्ण मऊ झाली, मॅशरने घोटली, की मग टोमॅटो, आलं-लसूण, मीठ, पावभाजी मसाला आणि रंगासाठी काश्मिरी मिरची. आणखी एक तास. क्रीमचा मऊपणा हवा तर शेवटच्या दहा मिनिटांत लोणी किंवा चीजच्या दोन क्यूब. दूध नको, टोमॅटोच्या आंबटपणाने ते फाटतं. चीज क्यूब मात्र फाटत नाही, कारण प्रोसेस्ड चीजमध्ये चरबी आणि प्रोटीन धरून ठेवणारे क्षार घातलेले असतात. केमिस्ट्री फर्स्ट इयरलाच संपते असं कोण म्हणतं?

खरं ते सांगायला हवं. ही भाजी ‘सरदार’सारखी लागणार नाही. तव्यावर लोण्यात कडा खरपूस होतात तो वास इथे येत नाही, कारण पाणी असेपर्यंत तापमान शंभर अंशांच्या वर जातच नाही. भरताचा धूर तर सोडूनच द्या. पण मऊ लागते, गरम लागते आणि त्यात चार भाज्या असतात. रात्री साडेनऊला एवढं मिळालं तर तक्रार कोण करेल?

आता विरोधी पक्षाची बाजू. ऑफिसमध्ये हा विषय काढला की तीन आक्षेप हमखास येतात, आणि ते चुकीचे आहेत असं मी म्हणणार नाही.

पहिला वीजबिलाचा. दोनशे वॅट गुणिले पाच तास म्हणजे एक युनिट. पंधराशे वॅटचं इंडक्शन अर्ध्या तासात तीच भाजी करेल, म्हणजे पाऊण युनिट. स्लो कुकरने वीज वाचते असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका! दीड किलो भाजी ३० अंशांवरून ९५ पर्यंत न्यायला लागतं जेमतेम ०.११ युनिट, बाकीची उष्णता भांड्याच्या भिंतीतून खोलीत जाते. (म्हणून कोणी चालू कुकरला गोधडी गुंडाळू नये, आग लागेल.) वाचते ती वीज नाही, वाचतं ते वायरिंग. एका वेळी खेचला जाणारा करंट सातपट कमी होतो, आणि हॉस्टेलमध्ये ट्रिप होतं ते त्या करंटने. सहा जणींत एक युनिट, तर त्याचे पैसे आम्ही आनंदाने भरू.

दुसरा आक्षेप आगीचा. ‘किटली चार मिनिटांत आपोआप बंद होते, तुझं भांडं पाच तास चालणार, लक्ष कोण ठेवणार?’ रेक्टर मॅडमचा हा प्रश्न अगदी योग्य आहे. खोलीत, गादीशेजारी, पुस्तकांच्या ढिगात, एक्स्टेन्शन बोर्डावर हे भांडं नकोच. पण याचं उत्तर जप्ती नाही, जागा हे आहे.

तिसरा स्वच्छतेचा. झुरळं, खरकटं आणि शिळं अन्न. हाही खराच. मंद आचेचे स्वतःचे धोके आहेत. ५ ते ६० अंशांच्या मधे जंतू वाढतात, म्हणून फ्रोझन मटार तसेच गोठलेले टाकायचे नाहीत, आणि उरलेली भाजी बंद केलेल्या भांड्यात सकाळपर्यंत ठेवायची नाही. राजमा तर आधी दहा मिनिटं खळखळून उकळल्याशिवाय यात घालायचाच नाही. कच्च्या राजम्यातलं विष मंद आचेवर मरत नाही, आणि त्याने जोरदार उलट्या होतात. हे नियम पाठ करायला अवघड नाहीत. आपण याहून निरुपयोगी गोष्टी वायव्हाच्या आदल्या रात्री पाठ करतो.

म्हणून माझी मागणी साधी आहे. प्रत्येक मजल्यावर इस्त्रीसाठी टेबल आहे, तसंच एक दगडी ओट्याचं टेबल. त्याला वेगळी लाइन, वेगळा एमसीबी. उपकरण तीनशे वॅटच्या आतलं, आयएसआय मार्क असलेलं, थ्री-पिन प्लगचं. वर्षातून एकदा इलेक्ट्रिकल डिपार्टमेंटच्या मुलांनी ते तपासून स्टिकर लावावं, त्यांचंही प्रॅक्टिकल होईल. लावण्याची वेळ संध्याकाळी पाच ते दहा, म्हणजे मजल्यावर कोणी ना कोणी जागं असतं. भिंतीवर वही, तिच्यात नाव आणि खोली नंबर. ज्या गटाने भांडं घासलं नाही त्यांची पाळी महिनाभर बंद. दंड ठेवायचा तर तो कॉईलला ठेवा, आणि दुप्पट ठेवा.

यातून मेस बंद पडेल अशी भीती कोणाला वाटत असेल तर ती सोडून द्यावी. रोज पाच तास वाट बघून भाजी करण्याइतका वेळ कोणालाच नाही. आठवड्यातून एखादी रात्र, एखादी आजारी मैत्रीण, एखादा घरापासून लांबचा सण, इतपतच. पण त्या रात्री कोणी बटाटे सोलेल, कोणी मटार, कोणी लसूण, आणि ज्या मुली एरवी आपापल्या मोबाइलमध्ये बघत जेवतात त्या एका भांड्यात पाव बुडवतील.

आपल्याला चार वर्षं हेच शिकवतात की ‘बंदी’ हे डिझाइन नव्हे. लोड किती, रेटिंग किती, सेफ्टी फॅक्टर किती, हे काढा आणि मग ठरवा. वर्गात हे शिकवणारं कॉलेज हॉस्टेलच्या पायरीशी आल्यावर ते का विसरतं? नियमावली दरवर्षी जूनमध्ये नव्याने छापली जाते. यंदा ‘कोणतेही’ हा शब्द खोडून तिथे ‘३०० वॅटपेक्षा जास्त’ असं लिहा. शाईचा खर्च तेवढाच येईल.